चोवीस भागांची प्रस्तावना

२०२५ च्या गणेशोत्सवात, आरती आटोपून प्रसादाची वाट पाहत असताना, आमच्या कचेरीतील एका स्नेह्यांनी आम्हांस बाजूस घेतले. "तुम्ही मासिकातून पुस्तकांवर लिहिता ना? एकदा आमच्या चिरंजीवांच्या जपानी चित्रांवरही लिहा. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत रक्ताचे पाट वाहताना पाहत बसतो, आणि विचारले की म्हणतो, 'बाबा, यात फार खोल अर्थ आहे.' रक्त आम्हांला दिसते हो. अर्थ काही दिसत नाही." बोलण्यात थट्टा होती, पण काळजी त्याहून अधिक होती. मुलगा बारावीत. घर मराठी, शाळा हिंदी-इंग्रजी, बदल्यांच्या पायी जबलपूर धरून तीन गावे झालेली. बापलेकांनी एकत्र बसून वाचावे असे पुस्तक आता त्या घरात उरलेले नाही, हे दुःख त्या काळजीच्या तळाशी होते.

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. जी फाइल आपण उघडलेली नाही तिच्यावर शेरा मारणे कचेरीत कधी कधी चालून जाते. मासिकात चालू नये. पुढे काही दिवसांतच 'डीमन स्लेयर' या मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट देशभरच्या चित्रगृहांत लागला, हिंदी, तमिळ, तेलुगू रूपांतही चालला, आणि तरुण मंडळींची त्यावर झुंबड उडाली. प्रश्न केवळ एका घराचा नाही हे तेव्हा ध्यानी आले, आणि आम्ही फाइल उघडली.

वस्तुतः जपानी हालत्या चित्रांची ही कला आमच्या पिढीस परकी नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली आम्ही दात न घासता पाहिला तो जपानी चित्रकारांच्या हातचाच होता. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरील चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये चित्रगृहांत पुन्हा दाखविला गेला, तेव्हा तो मुलांना घेऊन पाहणाऱ्या कुटुंबवत्सल मंडळींनी त्यातील युद्धाबद्दल तक्रार केल्याचे आमच्या कानी नाही. तक्रार आहे ती 'मारधाडीच्या अ‍ॅनिमे'विषयी, आणि ती निराधार नाही. तलवारीने धड वेगळे होते, भिंतीवर रक्ताची नक्षी उमटते, आणि चित्रकाराने त्या नक्षीवर घेतलेली मेहनत पाहून प्रेक्षक 'वाहवा' म्हणतो. अशा कलाकृतीत आशयाची खोली असू शकते काय, आणि असल्यास ती ओळखावी कशी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी दहा मालिकांची नावे घेऊन प्रत्येकीस दोन वाक्ये वाहण्यापेक्षा एकच मालिका सविस्तर पाहावी, असे आम्ही ठरविले. ती मालिका म्हणजे 'व्हिनलँड सागा'.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. या प्रकारचे चाहते खोलीचा पुरावा म्हणून बहुधा एकच गोष्ट पुढे करतात: खलपुरुषाचे पूर्ववृत्त. राक्षस मरणार, एवढ्यात त्याच्या दुःखी बाल्याची हकीकत येते, डोळे पाणावतात, आणि मग त्याचे मस्तक उडते. 'डीमन स्लेयर'मध्ये ही युक्ती फार नजाकतीने योजलेली आहे आणि तीत खरी करुणाही आहे. परंतु पूर्ववृत्त म्हणजे स्वभावविकास नव्हे. माणूस असा का झाला हे कळणे वेगळे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत वेगळा होणे वेगळे. मारधाडीच्या कथेत तर या दुसऱ्या गोष्टीची कसोटी फार साधी आहे, असे आम्हांस वाटते. मेलेली माणसे मेल्यानंतर कथेत राहतात की नाही, हे पाहावे. ती राहत नसतील तर नायक कितीही रडो, त्याचा विकास झालेला नाही. केवळ त्याची वेशभूषा बदलली आहे.

'व्हिनलँड सागा' ही मूळची माकोतो युकिमुरा यांची चित्रकथा. जपानी लोक तिला 'मांगा' म्हणतात. तिचे प्रकाशन २००५ मध्ये सुरू झाले आणि जुलै २०२५ मध्ये संपले. वीस वर्षे एका माणसाने एका गोष्टीचा पाठपुरावा केला, हेच आजच्या काळात नवल. तिच्या पूर्वार्धावरून दोन पर्वांची मालिका निघाली: २०१९ चे चोवीस भाग विट स्टुडिओने काढले, २०२३ चे चोवीस भाग माप्पा या संस्थेने, दिग्दर्शक दोन्हींचे शुहेइ याबुताच. काळ इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभीचा, स्थळ आइसलंड, इंग्लंड आणि डेन्मार्क. समुद्रावरून धाडी घालणाऱ्या व्हायकिंगांनी इंग्लंड पोखरून काढले होते तो काळ. राजा स्वेन आणि त्याचा मुलगा कनूट ही इतिहासातील माणसे आहेत. नायक थॉरफिन हाही आइसलंडच्या जुन्या सागांतील एका दर्यावर्दी पुरुषावरून घेतलेला, पण त्याचे बाल्य आणि तारुण्य लेखकाने कल्पिलेले आहे.

कथेचे बीज सुडाचे. थॉरफिनचा बाप थॉर्स हा एके काळचा नामांकित योद्धा. रणांगणातून पळून जाऊन आइसलंडमध्ये शेतकरी झालेला. जुन्या धन्यांना त्याचा पत्ता लागतो आणि त्याला मारण्याची सुपारी आस्केलाड नावाच्या टोळीनायकास मिळते. थॉर्स द्वंद्वात आस्केलाडला नमवितो. पण लहानगा थॉरफिन टोळीच्या हाती सापडलेला असतो, आणि मुलाच्या व सोबत्यांच्या जिवासाठी थॉर्स शस्त्र खाली ठेवतो. मग बाण सुटतात.

हा प्रसंग पाहताना मराठी वाचकास द्रोणाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. मुलाच्या नावाने बापाचे शस्त्र खाली ठेवविले जाते आणि निःशस्त्र बापाचा वध होतो. आणि तो मुलगा, अश्वत्थामा असो वा थॉरफिन, त्या क्षणापासून सुडावाचून दुसरे काही उरत नाही. पुढे मात्र दोन कथांच्या वाटा वेगळ्या होतात. अश्वत्थाम्यास सूड मिळतो. झोपलेल्यांस मारून तो मिळवितो, आणि मग कपाळावरची जखम घेऊन तेल मागत दारोदार फिरतो, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. थॉरफिनला सूड मिळत नाही. बापाच्या मारेकऱ्यास न्याय्य द्वंद्वात मारण्याची संधी मिळावी म्हणून तो त्याच्याच टोळीत राहतो, त्याच्यासाठी माणसे मारतो, आणि प्रत्येक कामगिरीचा मोबदला म्हणून एक द्वंद्व मागून घेतो. दर वेळी हरतो. अकरा वर्षे हा व्यवहार चालतो. आम्ही लेखाविभागातील माणसे. आम्हांस यात हिशेबाची जी भयंकर चूक दिसली ती अशी, की एका मृताचे येणे वसूल करण्यासाठी हा मुलगा दरवर्षी किती मृतांचे देणे अंगावर घेतो आहे याची नोंद कोणत्याच वहीत नाही. पहिल्या पर्वात थॉरफिनला ती दिसत नाही. प्रेक्षकालाही दिसत नाही, आणि हेच कर्त्याचे कौशल्य आहे.

कारण लढाया विलक्षण आहेत, हे कबूल केले पाहिजे. जहाजे खांद्यांवर उचलून डोंगरावरून नेणारी टोळी, दोन सुरे घेऊन मांजरासारखा उडी घेणारा पोरगा, लंडनच्या पुलावर ओंडके भिरकावणारा राक्षसी थॉर्केल, या सर्वांत आम्हीही रमलो. आस्केलाडचे पात्र तर पहिल्या पर्वाचा प्राण आहे. धूर्त, विनोदी, क्रूर. दासीपुत्र म्हणून वाढलेला, आईच्या वेल्श रक्ताचा अभिमान मनात दडवून बापाच्या जातीचा मनापासून तिरस्कार करणारा. जपानी आवाज देणारे नाओया उचिदा यांच्या कंठातील तो कंटाळलेला खर्ज ऐकण्यासाठी तरी मालिका मूळ भाषेत ऐकावी आणि खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचण्याचा त्रास सोसावा.

पण लढाईच्या या आनंदात मध्येच खडा पडतो. टोळी बर्फातून राजपुत्रास घेऊन पळत आहे. अन्न संपले आहे, मागावर शत्रू आहे. वाटेत एक इंग्रज खेडे लागते. गुप्तता आणि शिधा या दोन्ही कारणांनी आस्केलाड त्या खेड्यातील सर्वांची कत्तल करवितो. कोणताही सामान्य कर्ता हा प्रसंग टोळीच्या बाजूने दाखवील. येथे मात्र सबंध भाग अॅन नावाच्या एका मुलीचा आहे. तिने एक अंगठी चोरलेली आहे, त्या पापामुळे नरकात जावे लागेल या भीतीने ती अर्धमेली झाली आहे, आणि अंगठी चोरून पाहण्यासाठी म्हणून घराबाहेर गेलेली असल्यामुळेच ती वाचते. एका अंगठीसाठी नरक, आणि एवढ्या माणसांना मारणाऱ्यांस काही नाही? तिच्या मनातील हा गोंधळ शब्दांनी फारसा सांगितलेला नाही. आपण ज्यांच्या पराक्रमावर गेली तीन-चार रात्री टाळ्या वाजविल्या तीच ही माणसे, हे प्रेक्षकास त्या मुलीच्या डोळ्यांनी पाहावे लागते. आमच्या स्नेह्यांनी पाहिले ते रक्त बहुधा याच भागातील असावे. आणि अर्थही तेथेच होता.

हे खेडे कथेतून निघूनही जात नाही. पुढे विलिबाल्ड नावाचा दारुडा धर्मोपदेशक भेदरट राजपुत्र कनूटशी बर्फात प्रेमाविषयी वाद घालतो, तेव्हा दाखला याच कत्तलीचा देतो. तुझा पालक रॅग्नार तुझ्यावर प्रेम करीत होता; तुझ्या सुरक्षिततेसाठी त्याने ते गाव मरू दिले; याला प्रेम म्हणावे की पक्षपात? या एका प्रश्नाने घाबरट मुलाचा राजा होतो. मारधाडीच्या मालिकेत मध्येच असा तत्त्वविचार घालणे ही फॅशन आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो वरून चिकटविलेला असतो. येथे तो मेलेल्या माणसांच्या पोटातून निघालेला आहे.

पहिल्या पर्वाच्या शेवटी कनूटच्या राज्यासाठी आणि आईच्या वेल्स देशासाठी आस्केलाड राजा स्वेनला भर दरबारात मारतो आणि कनूटच्या हातून मरण पत्करतो. इतिहासातील स्वेन १०१४ मध्ये वेगळ्या रीतीने वारला. कादंबरीकाराचे हे स्वातंत्र्य कोणी नाकारणार नाही. थॉरफिनच्या हातातून सूड निसटतो. ज्याच्या द्वेषावर तो जगला तो माणूस मरताना त्यालाच विचारतो, की आता पुढे तू काय करणार? उत्तर नाही. आणि या चोविसाव्या भागाचे नाव आहे 'प्रस्तावनेचा शेवट'.

चोवीस भाग, शेकडो प्रेते, दोन राज्यांचे राजकारण, आणि ही सारी प्रस्तावना! आमच्या वाचनात इतके उद्धट आणि इतके समर्थनीय शीर्षक फार थोडे आले आहे. उद्धट यासाठी की ज्यासाठी प्रेक्षक जमला होता ते सर्व, कर्ता म्हणतो, गोष्टीच्या आधीचे होते. समर्थनीय कसे, ते दुसऱ्या पर्वात कळते.

दुसऱ्या पर्वात तलवारी जवळजवळ नाहीत. थॉरफिन गुलाम म्हणून विकला गेला आहे. डेन्मार्कच्या दक्षिणेकडे केटिल नावाच्या मोठ्या शेतमालकाच्या जमिनीवर जंगल तोडतो आहे. पर्वाचा पहिला भाग तर त्याचा नाहीच. तो आइनार नावाच्या इंग्रज शेतकऱ्याचा आहे. त्याच्या गावावर धाड पडते, घरची माणसे मरतात, तो बाजारात उभा राहतो, आणि भागाच्या अगदी शेवटी, ज्याची चोवीस भाग सोबत केली तो आपला नायक त्याला रिकाम्या डोळ्यांनी सामोरा येतो. ज्यांच्यावर धाड पडली त्यांचा एक प्रतिनिधी आता नायकाशेजारी झोपणार, त्याच्याबरोबर कुदळ चालविणार, आणि एके दिवशी त्याला विचारणार, की तू पूर्वी कोण होतास? अॅन पळून गेली होती. आइनार पळणार नाही. मेलेल्यांची बाजू आता कायमची मुक्कामास आली आहे.

जंगलतोडीचे हे भाग अनेक चाहत्यांस कंटाळवाणे वाटले, त्यांनी 'शेतीची गाथा' म्हणून थट्टाही केली. आमचे मत नेमके उलट आहे. झाड पाडणे सोपे. खुंट उपटणे कठीण, हे ज्याने कोकणात वा विदर्भात आपल्या आजोबांना जमीन वहितीखाली आणताना पाहिले त्यास सांगावे लागणार नाही. चित्रकार एकेका खुंटास वेळ देतात. मुळे तोडायची, दोर बांधायचा, ओढायचा. नाही निघाला तर पुन्हा खणायचे. गव्हाचे पहिले कोंब आले तेव्हा थॉरफिनच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला हसू म्हणवत नाही. हसण्याची सवय मोडलेल्या माणसाचा तो प्रयत्न आहे. चित्रकलेने स्वभाव दाखवावा तो असा. पहिल्या पर्वातील तो बुटका, दात विचकणारा पोरगा उंच झाला आहे, खांदे रुंदावले आहेत, आणि शरीरात कोठेही घाई नाही. पण रात्री तो किंचाळत उठतो, आणि स्वप्नात काय पाहिले ते त्याला आठवत नाही.

ते स्वप्न पुढे आपल्याला दिसते. मालकाच्या चाकरांनी त्यांचा गहू उपटून टाकला, त्या भांडणात पहिला ठोसा थॉरफिनच मारतो आणि बेशुद्ध पडतो. बेशुद्धीत तो योद्ध्यांच्या स्वर्गाच्या काठाशी लटकलेला आहे. खाली अनंत काळ एकमेकांना तोडणारे सैनिक, त्यांत आस्केलाड, आणि आपण मारलेल्या माणसांची प्रेते पायांना लोंबकळून त्याला खाली ओढताहेत. येथे प्रथमच वही उघडते. ही माणसे कोण, त्यांची नावे काय, हे त्याला ठाऊक नाही. वजन मात्र सर्वांचे आहे. तो त्यांची क्षमा मागतो, आणि त्यांना टाकून वर चढत नाही, पाठीवर घेऊन चढतो. जाग आल्यावर तो हिंसा सोडण्याची शपथ घेतो. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात महाभारताचा अंगी रस शांत असल्याचे म्हटले, तेव्हा एवढ्या युद्धाच्या ग्रंथात शांत रस कोठून आणला, असे विद्यार्थिदशेत आम्हांस वाटे. रौद्र आणि बीभत्स हे त्या रसापर्यंत पोहोचण्याचे रस्ते असू शकतात, हे अठरा पर्वांनी नाही तरी या चोवीस भागांनी आम्हांस थोडेफार समजाविले.

तथापि या पर्वातील सर्वांत खोल व्यक्तिरेखा आमच्या मते थॉरफिनची नाही, केटिलची आहे. केटिल चांगला मालक आहे. गुलामांना तो जमिनीचा तुकडा तोडायला देतो, त्यावरच्या गव्हाची किंमत लावतो, आणि तेवढी रक्कम जमली की मुक्त करतो. चोरी करणाऱ्या उपाशी पोरास शिक्षा करताना त्याचा हात कापतो. त्याच्या नावाभोवती शूर योद्ध्याची दंतकथा आहे आणि ती खोटी आहे हे तो स्वतः जाणतो. रात्री आर्नहाइड या दासीच्या मांडीवर डोके ठेवून हे दुःख सांगतो. प्रेक्षकास तो आवडतो. पण आर्नहाइड ही दासी आहे, तिला नाही म्हणण्याचा हक्क नाही, हे प्रेक्षक सोयीस्करपणे विसरतो, कारण केटिलही विसरलेला असतो. पुढे राजा त्याची जमीन घेऊ पाहतो, आणि त्याच दिवसांत आर्नहाइड आपल्या पळून आलेल्या पूर्वीच्या नवऱ्याबरोबर निघून जाण्याचा प्रयत्न करते. तेव्हा हा सज्जन गृहस्थ हातात काठी घेतो आणि त्या गरोदर स्त्रीला मारत सुटतो. संपूर्ण मालिकेतील हजार तलवारींपेक्षा ही एक काठी आम्हांस अधिक भयंकर वाटली. केटिल बदलला असे म्हणावे, की जमीन सुरक्षित होती तोवरच त्याचा चांगुलपणा सुरक्षित होता असे म्हणावे? कर्ता उत्तर देत नाही. पण थॉरफिन बदलतो त्या मंदगतीच्या शेजारी केटिलचे हे एका दुपारचे कोसळणे ठेवले की दोहोंचा अर्थ कळतो.

राजा कनूटविषयी सरकारी चाकरीतील वाचकांस थोडे अधिक सांगितले पाहिजे. भित्रा राजपुत्र आता इंग्लंडचा राजा आहे. पृथ्वीवर सुखाचे राज्य आणण्याचा त्याचा निश्चय खरा आहे. आणि त्यासाठी सैन्य, सैन्यासाठी पैसा, पैशासाठी श्रीमंत शेते हवीत. केटिलचे शेत जप्त करायचे तर कारण हवे. म्हणून केटिलच्या मूर्ख धाकट्या मुलास चिडवून त्याच्या हातून राजाच्या माणसाचा खून करविला जातो, आणि अपराध नोंदला जातो. एक निरपराध प्रकरण सार्वजनिक हितासाठी रीतसर अपराधी कसे बनते, याचे इतके बिनचूक चित्रण आम्ही मराठी कादंबरीतही क्वचित पाहिले. मसुदा तयार करणाऱ्याचा हात या लेखकाने कोठे पाहिला असेल, असा विचार मनात आला. कनूट दुष्ट नाही. तो रात्री बापाच्या तुटलेल्या मस्तकाशी बोलतो. त्याचेही मृत त्याच्याबरोबर आहेत. फरक एवढाच, की थॉरफिन मृतांचे ऋण फेडण्याचा विचार करतो आणि कनूट त्या ऋणावर नवे कर्ज उचलतो.

येथे 'अटॅक ऑन टायटन'चा उल्लेख ओघानेच येतो. हाजिमे इसायामा यांच्या या चित्रकथेवरील मालिका २०१३ ते २०२३ पर्यंत चालली; तीही आरंभी विट स्टुडिओने आणि अखेरीस माप्पाने काढली. तेथेही एक मुलगा डोळ्यांदेखत आईचे मरण पाहतो आणि शत्रूचा निर्वंश करण्याची शपथ घेतो. शत्रूही माणसेच आहेत हे पुढे कळते. कळूनही एरेन शपथ सोडत नाही आणि जगातील बहुतांश मानवजातीचा संहार करतो. त्या मालिकेची भव्यता आम्ही नाकारीत नाही. पण तिच्यात जग मोठे होत जाते आणि माणूस होता तेथेच राहतो. ती एक थोर शोकांतिका असेल. स्वभावविकासाचे उदाहरण म्हणून तिचे नाव घेणे आम्हांस पटत नाही.

आता 'व्हिनलँड सागा'तील दोष. पहिला आर्नहाइडचा. ती मार खाऊन मरते, आणि तिच्या मरणाने आइनार व थॉरफिन यांच्या मनात युद्ध आणि गुलामगिरी नसलेला देश वसविण्याचा संकल्प पक्का होतो. स्त्रीने मरावे आणि पुरुषांनी तिच्या मरणातून शहाणे व्हावे, ही खोड जुनीच आहे. आपल्याकडेही तिची उदाहरणे पुष्कळ. कर्त्यास याची जाणीव असावी. कारण मरणापूर्वी शुद्धीवर आलेली आर्नहाइड त्या दोघांस विचारते, की मी जगावे असे तुम्हांला का वाटते? नवरा गेला, मूल गेले, आता कशासाठी? त्यांच्याजवळ पश्चिमेकडील देशाच्या स्वप्नावाचून उत्तर नाही, आणि ते स्वप्न तिला पुरत नाही. या प्रश्नामुळे दोष सौम्य होतो. नाहीसा होत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. राजास भेटण्यासाठी थॉरफिन एका धिप्पाड सैनिकाचे शंभर ठोसे, हात न उचलता, सोसण्याचे कबूल करतो आणि सोसतो. सैनिक थक्क होतात. एवढा समर्थ असून तू लढत का नाहीस, असे विचारल्यावर, आपल्याला कोणी शत्रूच नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. बापाने बालपणी सांगितलेले, तेव्हा न कळलेले, ते हेच. प्रसंग अतिशय परिणामकारक आहे आणि आम्हीही हेलावलो. परंतु दुसऱ्या दिवशी कचेरीत जमाखर्चाचे रकाने भरताना शंका आली. हा माणूस पूर्वीचा महायोद्धा म्हणूनच शंभर ठोसे सोसू शकला. आइनारने दहाव्या ठोशास प्राण सोडला असता, आणि मग राजाची भेट कोणास मिळाली असती? म्हणजे अहिंसेलाही पराक्रमाचा दाखला जोडावा लागला. मे १९३० मध्ये धारासण्याच्या मिठागरावर जे स्वयंसेवक रांगेने पुढे जाऊन डोक्यावर लाठ्या घेत होते ते पहिलवान नव्हते. पहिल्या तडाख्यास पडत होते, आणि त्यांच्या जागी दुसरे येत होते. मारधाडीच्या मालिकेला अशी रांग रंगविता येत नाही, कारण तिला एक नायक लागतो. ही मर्यादा युकिमुरांची की या प्रकाराची, ते सांगणे कठीण.

पुढे समुद्रकाठी राजा आणि शेतमजूर बोलतात. तुझा मार्ग मला जमणार नाही, असे प्रत्येकजण दुसऱ्यास सांगतो. तरीही राजा सैन्य मागे घेतो. या समेटाची घाई आम्हांस जाणवली. अखेरच्या भागात मात्र कर्ता पुन्हा आपल्या मंद लयीवर येतो. थॉरफिन इतक्या वर्षांनी घरी जातो. बहीण त्याला ओळखत नाही, कोणी भामटा समजून मारायला धावते. आई म्हातारी झालेली आहे. पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागात याच घरात त्याच्या बापाने आठ मेंढ्या देऊन एक मरणोन्मुख, पळपुटा गुलाम विकत घेतला होता, आणि तो गुलाम त्याच रात्री मेला होता. मूळ चित्रकथेचा आरंभ लढाईने होतो. मालिकेने क्रम बदलून आधी हे घर दाखविले. सरळ क्रमाने गोष्ट सांगणे हे पुष्कळदा कल्पनादारिद्र्याचे लक्षण असते. येथे त्या बदलामुळे आठ मेंढ्यांचा तो आतबट्ट्याचा व्यवहार सत्तेचाळीस भाग मनात राहतो.

आमच्या स्नेह्यांना आम्ही एवढेच सुचविले, की मुलाबरोबर बसा आणि अॅनच्या भागापासून पाहा. त्यांनी सुरुवातीपासूनच पाहिले. केटिल काठी उचलतो तेव्हा ते उठून बाहेर गेले. मुलाने चित्र थांबविले आणि तोही मागोमाग गॅलरीत आला. तेथे बराच वेळ बोलणे झाले म्हणतात. काय, ते आम्ही विचारले नाही. मागच्या शनिवारी मात्र चहाच्या वेळी त्यांनी आम्हांस गाठले. "आमच्यात एक प्रश्न निघाला आहे. पहिल्या पर्वात त्या फ्रँकांच्या किल्ल्यात घुसून तो पोरगा किल्लेदाराचे डोके आणतो ना? त्या किल्लेदाराला मुलेबाळे असतील की नाही?" मालिकेच्या दोन पर्वांत याचे उत्तर नाही, असे आम्ही सांगितले. पण मांगात पुढे हिल्ड नावाची एक मुलगी येते. तिचा बाप थॉरफिनने अशाच एका धाडीत मारलेला असतो. ती त्याला ओळखते, आणि तिच्या हातात धनुष्य असते.

स्नेह्यांनी त्या खंडाचा क्रमांक कागदावर लिहून घेतला.